घाम खेळाडूचा, भाव ठरवणारे भलतेच

२०१० सालची गोष्ट. जॉर्जिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघात ए. जे. ग्रीन नावाचा एक खेळाडू होता. ज्या जर्सीत तो सामना खेळला होता, ती त्याने एका माणसाला १,००० डॉलरला विकली. जर्सी त्याची, गिऱ्हाईक राजीखुशीचं. कुणाचं काही चोरलं नव्हतं की कुणाला फसवलं नव्हतं. तरी त्याला चार सामने बाहेर बसवलं गेलं, कारण कॉलेजच्या खेळाडूने आपल्या खेळावर पैसे कमवायला बंदी होती. तो शिक्षा भोगत होता त्या दिवसांतही विद्यापीठाच्या संघाच्या दुकानात त्याच्याच ८ नंबरची जर्सी राजरोस विकली जात होती. पैसे विद्यापीठाला.

आता २०२५. जूनच्या ६ तारखेला कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी कॉलेज खेळाडूंनी लावलेल्या खटल्यातल्या एका मोठ्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं. जुन्या खेळाडूंना भरपाई म्हणून सुमारे २.८ अब्ज डॉलर, म्हणजे साधारण २४ हजार कोटी रुपये, दहा वर्षांत द्यायचे. शिवाय १ जुलै २०२५ पासून विद्यापीठं आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी एका विद्यापीठाला मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास पावणेदोनशे कोटी रुपये.

ही बातमी आली तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काकांनी विचारलं, "कॉलेजच्या पोरांना एवढे पैसे? शिकायला जातात की कमवायला?" प्रश्न साहजिक आहे. आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, फार तर पेपरात दोन ओळी आणि ग्रेस मार्क. तिकडचं प्रकरण समजून घ्यायला थोडं मुळापासून सुरू करावं लागतं. मी ते अमेरिकन लिबर्टेरियन चष्म्यातून सांगणार आहे, कारण मला तीच बाजू पटते.

### लिबर्टेरियन म्हणजे कोण?

लिबर्टेरियन म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यवादी. तुमचं शरीर तुमचं, तुमचे श्रम तुमचे, त्यातून मिळवलेलं तुमचं. तुम्ही दुसऱ्यावर जबरदस्ती करत नाही, फसवत नाही, तोवर सरकारनेही मध्ये पडू नये आणि सरकारच्या जोरावर दुसऱ्या कुणीही पडू नये. एवढंच त्यांचं म्हणणं. अमेरिकेत १९७१ पासून या नावाचा पक्ष आहे. मतं फारशी मिळत नाहीत. २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत गॅरी जॉन्सन यांना तीन टक्क्यांच्या थोडी वर मतं पडली, तोच त्यांचा उच्चांक. डाव्या-उजव्या चौकटीत ही मंडळी बसत नाहीत. बंदुकीच्या हक्काचा विषय निघाला की रिपब्लिकनांच्या जवळ वाटतात, गांजा बाळगला म्हणून कुणाला तुरुंगात टाकू नका म्हणताना डेमोक्रॅटांच्या.

मराठी माणसाला हा सूर अगदीच अनोळखी नाही. शरद जोशींची भाषणं ज्यांनी ऐकली आहेत त्यांना 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा आठवत असेल. शेतकऱ्याला अनुदान नको, त्याच्या मालाचा भाव पाडू नका, एवढीच मागणी. अमेरिकन लिबर्टेरियन कॉलेज खेळाडूबद्दल नेमकं हेच म्हणतो.

### कॉलेजचा खेळ एवढा मोठा झाला कसा?

अमेरिकेतली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा १८५२ मध्ये झाली. हार्वर्ड आणि येल यांच्यात, न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपिसॉकी तलावावर, नौकांची शर्यत. मुलांच्या जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च एका रेल्वे कंपनीने उचलला होता, कारण शर्यत पाहायला लोक तिच्या गाड्यांतून येणार होते. म्हणजे पैसा या खेळात मागाहून घुसला असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. तो पहिल्या दिवसापासून नावेत बसलेला आहे.

१८६९ मध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला कॉलेज फुटबॉल सामना झाला. (हा फुटबॉल आपला नव्हे. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर आदळणारी माणसं.) १९०५ पर्यंत तो इतका जीवघेणा झाला की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून हे आवरा म्हणून सांगितलं. त्यातून १९०६ मध्ये कॉलेजांची एक संघटना उभी राहिली. १९१० मध्ये तिचं नाव एनसीएए (नॅशनल कॉलेजिएट अॅथलेटिक असोसिएशन) झालं. आज सुमारे ११०० कॉलेजं तिची सभासद आहेत. ही संघटना खासगी आहे, सरकारी नाही. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

आजचा पसारा किती, तर मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात १ लाख ७ हजारांहून जास्त माणसं बसतात. पुरुषांच्या बास्केटबॉलची वार्षिक बाद फेरी दाखवण्याच्या हक्कांसाठी टीव्ही कंपन्यांनी २०१० मध्ये चौदा वर्षांचे १०.८ अब्ज डॉलर कबूल केले. २०१६ मध्ये तो करार आणखी आठ वर्षं वाढवताना ८.८ अब्जांची भर पडली. अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर राज्यपाल नसतो. सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षक असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाला काढलं, तेव्हा करार मध्येच मोडल्याबद्दल त्याचं देणं लागलं सुमारे साडेसात कोटी डॉलर. काम थांबवण्याचे साडेसात कोटी. आणि मैदानात गुडघे फोडून घेणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं जर्सी विकायची बंदी होती.

### 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द

अमेरिकेत सगळीकडे एक जोडशब्द ऐकू येतो, 'विद्यार्थी-खेळाडू'. ऐकायला गोड आहे. त्याचा जन्म मात्र वकिलाच्या टेबलावर झालेला आहे.

१९५५ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट लुईस कॉलेजचा एक फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार भरपाईचा दावा केला. माझा नवरा कॉलेजसाठी खेळत होता, खेळण्याबद्दल त्याला मोबदला मिळत होता, म्हणजे तो कामगार होता, असं तिचं म्हणणं. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दावा फेटाळला. एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी असे दावे टिकू नयेत म्हणूनच हा शब्द रुजवला. नियमपुस्तकात, पत्रकांत, निवेदनांत सगळीकडे तोच वापरायचा, 'खेळाडू' असं नुसतं म्हणायचंच नाही. हे बायर्स यांनीच निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये लिहून ठेवलं आहे. ज्या माणसाने ही इमारत बांधली तोच शेवटी म्हणाला की ही मुलांवर अन्याय करते.

### रिंग कशी चालते

एकच खरेदीदार असलेल्या बाजाराला अर्थशास्त्रात मोनॉप्सनी म्हणतात. मराठीत त्यासाठी वेगळा शब्द घडवावा लागत नाही, आपण तो जगलो आहोत: एकाधिकार खरेदी. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस द्यायचा तो याच योजनेला. खासगी व्यापाऱ्याला विकायचा नाही, राज्याबाहेर न्यायचा नाही. शेजारच्या राज्यात चार पैसे जास्त मिळत असतील तर स्वतःचाच कापूस रात्रीच्या अंधारात हद्दीपार करायचा. आपल्या मालाचा मालक आणि चोर एकच माणूस.

कॉलेज खेळाडूचं तसंच होतं. फरक इतकाच की इथे खरेदीदार शेकडो होते आणि त्यांनी आपसात ठरवून घेतलं होतं. कंत्राटदार टेंडर भरण्याआधी एकत्र बसतात आणि रिंग करतात, तशी. कुणीही ठरावीक शिष्यवृत्तीपेक्षा जास्त द्यायचं नाही. जो देईल त्याला बाकीचे मिळून शिक्षा करतील. खेळाडूने कॉलेज बदललं तर वर्षभर बसून राहायचं. १९७३ मध्ये तर शिष्यवृत्तीसुद्धा एकेका वर्षाची करून टाकली, म्हणजे गुडघा गेला की पुढच्या वर्षी प्रशिक्षकाने हात वर करायला मोकळं. हा नियम २०१२ पर्यंत टिकला. खाण्यावरही नियम होते. २०१४ मध्ये कनेटिकट विद्यापीठाच्या विजेत्या बास्केटबॉल संघातला शबाझ नेपियर कॅमेऱ्यासमोर म्हणाला की कधी कधी मी उपाशी झोपतो. त्यानंतर काही दिवसांत जेवणावरची मर्यादा उठली.

कोणतीही रिंग आतून फुटतेच, कारण प्रत्येक सभासदाला गुपचूप जास्त देऊन चांगला माल पळवायचा मोह असतो. डॅलसमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तेच केलं. धनाढ्य चाहत्यांच्या पैशांतून तेरा खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर दिले गेले. १९८७ मध्ये एनसीएएने त्यांचा अख्खा हंगाम रद्द केला. नंतर बाहेर आलं की पैसे चालू ठेवायला मंजुरी देणाऱ्यांत विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लेमेंट्स होते, आणि गोष्ट उघड झाली तेव्हा ते टेक्सासचे राज्यपाल होते. त्यांनी ते कबूलही केलं. राज्यपालपदापर्यंत पोचलेल्या माणसालासुद्धा खेळाडूला मोबदला चोरून द्यावा लागत होता, इतका तो नियम माणसांच्या व्यवहाराविरुद्ध होता.

### मग रिंग इतकी वर्षं टिकली कशी?

इथे लिबर्टेरियन माणसाला एक अवघड प्रश्न विचारता येतो, आणि तो विचारलाच पाहिजे. एनसीएए खासगी संस्था आहे. सभासद आपण होऊन आलेले आहेत. मग त्यांनी आपसात काय ठरवावं यात तुम्ही नाक का खुपसता? शिवाय ज्या शर्मन कायद्याने, म्हणजे १८९० च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने, कोर्टाने त्यांना दणका दिला, तो कायदा तर तुमच्यातल्या अनेकांना मान्यच नाही.

आक्षेप खरा आहे. माझं उत्तर असं. निखळ खासगी रिंग असती तर ती सदर्न मेथडिस्टसारख्या भेगांनी केव्हाच ढासळली असती. ती उभी राहिली ती सरकारी टेकूवर. रिंगमधली सर्वांत मोठी नावं खासगी नाहीत. अलाबामा, मिशिगन, टेक्सास, ओहायो स्टेट ही सगळी सरकारी विद्यापीठं आहेत. त्यांच्या क्रीडा विभागांना करमाफी आहे. २००० पासून बहुतेक राज्यांनी एक साचेबंद कायदा केला, ज्यात एजंटाने कॉलेज खेळाडूला करार करण्यासाठी पैसे किंवा भेटवस्तू पुढे केली तर तो फौजदारी गुन्हा ठरायचा. एका खासगी संघटनेच्या नियमाच्या मागे पोलीस उभे केले गेले. रिंग त्यामुळे टिकली.

आणखी एक टेकू आहे, तो मी स्वतःच्या खिशातून भरलेला आहे. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठात शिकायला आलेल्या कुठल्याही मराठी मुलाने आपलं फीचं बिल नीट वाचावं. प्रयोगशाळा, आरोग्य केंद्र, बस यांच्या खाली एक ओळ असू शकते: क्रीडा शुल्क. माझ्या बिलावर होती. दोन वर्षांत मी एकही सामना पाहिला नाही. शनिवारी प्रयोगशाळेत जायचं तर गाडी लावायला जागा मिळायची नाही, कारण सकाळी सातपासून तिथे सामन्याला आलेल्या चाहत्यांच्या शेगड्या पेटलेल्या. तरी दर सत्राला ते पैसे जात राहिले. नको म्हणायची सोयच नव्हती. मोजकी बलाढ्य विद्यापीठं सोडली तर सरकारी विद्यापीठांचे क्रीडा विभाग स्वतःच्या कमाईवर चालत नाहीत. असं शुल्क आणि विद्यापीठाचं अनुदान यांवर चालतात. खेळाला लिबर्टेरियनांचा विरोध नाही. ज्याला पाहायचा त्याने तिकीट काढून पाहावा, एवढंच.

### कोर्टात काय झालं

१९८४ मध्ये पहिला तडा गेला. तोवर कोणत्या कॉलेजचे किती सामने टीव्हीवर दिसणार हे एनसीएए ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली: आमचा सामना, आम्ही हवा त्याला विकू. सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. विद्यापीठांना आपला माल खुल्या बाजारात विकायचा हक्क मिळाला. खेळाडूला त्याच हक्काच्या जवळपास पोचायला आणखी सदतीस वर्षं लागली.

मधल्या काळात एड ओबॅनन आला. १९९५ च्या विजेत्या यूसीएलए संघाचा हा खेळाडू. काही वर्षांनी एका ओळखीच्याच्या घरी त्याने व्हिडिओ गेममध्ये स्वतःला पाहिलं. तोच नंबर, तीच अंगकाठी, डावखुरा. त्याला कुणी विचारलं नव्हतं की एक डॉलर दिला नव्हता. २००९ मध्ये त्याने दावा लावला, २०१४ मध्ये न्यायाधीश विल्कन यांनी त्याच्या बाजूने कौल दिला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की कॉलेज खेळाडू आपलं नाव आणि चेहरा वापरून कमावू शकतो. इतर राज्यंही मागोमाग निघाली, कारण आपल्याकडे बंदी आणि शेजारी मोकळीक असेल तर चांगली पोरं शेजारी जाणार. राज्याराज्यांतली ही चुरस मला फार आवडते. रिंग मोडायला ती भाषणांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

२१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात खेळाडूंच्या बाजूने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. निकालाचा आवाका छोटा होता, फक्त शिक्षणाशी निगडित लाभांपुरता. पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी वेगळं मत जोडून बजावलं की एनसीएए कायद्यापेक्षा मोठी नाही. दहा दिवसांत, १ जुलैला, एनसीएएने नाव-चेहऱ्याच्या कमाईवरची बंदी सोडली. त्याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे २०२५ ची तडजोड.

### "पण फुकट शिक्षण मिळतंच की!"

मिळतं, आणि ते मौल्यवान आहे. पण मोबदला वस्तूरूपात द्यायचा की रोख, आणि किती, हे दोघांनी बसून ठरवायचं असतं. गड्याला वर्षाचं धान्य, दोन कपडे आणि राहायला खोपटं देऊन 'आणखी काय हवं' म्हणणारे मालक आपल्या आजोबांनी पाहिलेले आहेत. धान्य वाईट नव्हतं. दुसऱ्या वाड्यावर जास्त मिळत असेल तर जायची मुभा नव्हती, दुखणं ते होतं.

### "पैसा आला की खेळाचं पावित्र्य जातं"

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा तो रेल्वेत नोकरीला होता. रेल्वेने पगार दिला म्हणून त्याचं पदक हलकं झालं असं कुणाच्या मनातही आलं नाही. पगार होता म्हणून तो सराव करू शकला, असंच आपण म्हटलं.

अमेरिकेत रायफल नेमबाजी हा एनसीएएचाच खेळ आहे, १९८० पासून, आणि त्यात मुलं-मुली एकाच स्पर्धेत उतरतात. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाची जिनी थ्रॅशर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पहिलं सुवर्ण घेऊन आली. वय एकोणीस. पदकाबद्दल ऑलिम्पिक समितीने दिलेलं बक्षीस घ्यायला एनसीएएची परवानगी होती. पण त्याच पदकाच्या जोरावर तिने एखाद्या रायफल कंपनीची जाहिरात केली असती, तर कॉलेजकडून खेळण्याचा हक्क गेला असता. एका खिशातले डॉलर पवित्र आणि दुसऱ्या खिशातले अपवित्र, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

### "मुलींचं आणि छोट्या खेळांचं काय?"

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. फुटबॉलच्या पैशावर पोहणं, कुस्ती, मुलींचं व्हॉलीबॉल चालतं. पैसा फुटबॉलपटूंकडे गेला तर हे खेळ बंद पडतील, आणि काही ठिकाणी कात्री लागायला सुरुवातही झाली आहे. १९७२ चा टायटल नाइन कायदा सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करतो. भरपाईचा मोठा वाटा पुरुषांना जातो म्हणून काही महिला खेळाडूंनी तडजोडीविरुद्ध अपीलही केलं.

दुसरी बाजूही पाहा. नाव-चेहऱ्याची बंदी उठल्यावर फायदा झालेल्यांत मुली ठळक दिसतात. आयोवाची बास्केटबॉलपटू केटलिन क्लार्क, लुइझियाना स्टेटची जिम्नॅस्ट लिव्ही डन, दोघींनी कॉलेजात असतानाच मोठमोठे करार केले. आणि पोहण्याचा तलाव चालू राहावा असं विद्यापीठाला खरंच वाटत असेल, तर त्याचा खर्च प्रशिक्षकाच्या पगारातून, देणगीतून, तिकिटातून काढावा. गरीब घरातून आलेल्या फुटबॉलपटूच्या न दिलेल्या मजुरीतून तो भागवणं म्हणजे त्याच्यावर लावलेला, कुठल्याही विधिमंडळाने मंजूर न केलेला कर आहे. तरीही काही खेळ बुडतील. ती झळ खरी आहे.

### बंदूक आणि स्टेडियम

रिंगच्या ताकदीची एक गोष्ट मला विसरता येत नाही. ती पैशाची नाही, बंदुकीची आहे.

आर्कान्सा राज्यात २०१३ मध्ये एक कायदा झाला: परवानाधारक प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना विद्यापीठाच्या आवारात पिस्तूल बाळगता येईल, मात्र संस्थेला नको असेल तर ती दरवर्षी नकार देऊ शकेल. सगळ्याच संस्थांनी दरवर्षी नकार दिला. मार्च २०१७ मध्ये विधिमंडळाने तो नकाराचा हक्कच काढून घेतला आणि जादा प्रशिक्षण घेतलेल्या परवानाधारकांना आवारात पिस्तूल नेण्याची मुभा दिली. राज्यपाल एसा हचिन्सन यांनी सही केली. स्टेडियमही त्यात आलं.

मग एसईसी बोलली. एसईसी म्हणजे दक्षिणेकडच्या बलाढ्य विद्यापीठांची क्रीडा परिषद. आर्कान्सा तिचा सभासद. आयुक्त ग्रेग सँकी यांनी निवेदन काढलं की मैदानात शस्त्रं आली तर सामने ठरवणं, पंच मिळणं, खेळाडू भरती, प्रेक्षकसंख्या या सगळ्यावर आर्कान्सामध्ये परिणाम होईल. त्याच अधिवेशनात दुसरा कायदा मंजूर झाला आणि कॉलेजच्या सामन्यांची मैदानं मुभेतून वगळली गेली. चार वर्षं विद्यापीठांनी दिलेला नकार विधिमंडळाने मोडून काढला होता. फुटबॉलच्या आयुक्ताचं एक पत्रक मात्र पुरेसं ठरलं.

लिबर्टेरियनांची इथे खरी ओढाताण होते. स्वसंरक्षणाचा हक्क त्यांच्यासाठी मूलभूत आहे. शस्त्राचा परवाना घेतलेली बाई रात्री प्रयोगशाळेतून वाहनतळाकडे एकटी जाते, तिला निःशस्त्र करणारा नियम तिचं रक्षण करत नाही, हे मलाही पटतं. पण जागामालकाचा हक्कही तितकाच मूलभूत. तुमच्या घरी मी आलो आणि तुम्ही म्हणालात चपला बाहेर काढा, तर मी काढतो. बंदूक बाहेर ठेवा म्हणालात तरी तेच. म्हणून एसईसीसारख्या खासगी परिषदेने 'आमच्या सामन्यात शस्त्र नको' म्हणणं मला गैर वाटत नाही. गैर हे वाटतं की तिने आपल्या सभासदाला नियम लावण्याऐवजी सगळ्या राज्याचा कायदा बदलून घेतला. आता मैदानात पिस्तूल नेणारा परिषदेचा नियम मोडत नाही, राज्याचा कायदा मोडतो. एजंटाच्या बाबतीतही हेच झालं होतं: नियम क्लबचा, शिक्षा सरकारची.

### आता रिंग दिल्लीवारीला, म्हणजे वॉशिंग्टनला

२०२५ च्या तडजोडीने बाजार मोकळा झाला असं समजू नये. विद्यापीठाने द्यायच्या रकमेवर कमाल मर्यादा आहेच. ६०० डॉलरवरचा प्रत्येक बाहेरचा करार एका यंत्रणेकडे नोंदवावा लागतो, आणि ती यंत्रणा ठरवते की हा व्यवहार खरा आहे की नाही आणि रक्कम वाजवी आहे की नाही. दोन सज्ञान माणसांनी खुशीने केलेल्या कराराची रक्कम वाजवी की कशी, हे तिसऱ्याने का ठरवावं?

असे नियम पुन्हा कोर्टात अडकतील हे क्रीडाक्षेत्रातल्या धुरीणांना ठाऊक आहे. म्हणून त्यांनी काँग्रेसची दारं ठोठावली. प्रतिनिधीगृहात २०२५ मध्ये मांडलेल्या एका विधेयकात मक्तेदारीविरोधी कायद्यापासून काही अंशी संरक्षण, राज्यांच्या वेगवेगळ्या कायद्यांवर मात आणि खेळाडूंना कर्मचारी मानायला मनाई, अशी तिन्ही कलमं आहेत. २४ जुलै २०२५ ला अध्यक्ष ट्रम्प यांनीही कॉलेज खेळ वाचवण्याच्या नावाने एक आदेश काढला. छोटं सरकार हवं म्हणणारे रिपब्लिकन यात पुढे आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खुल्या बाजाराची भाषा करायची आणि आपल्या राज्याच्या संघाचा प्रश्न आला की भाव गोठवायचा कायदा मागायचा. डेमोक्रॅटांचा कल खेळाडूंना कामगार ठरवून संघटित करण्याकडे आहे. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी तो प्रयत्न केला, पुढच्याच वर्षी राष्ट्रीय कामगार मंडळाने अधिकारक्षेत्र नाकारून तो निकाली काढला. मला विचाराल तर कामगार की विद्यार्थी हे लेबल वॉशिंग्टनने चिकटवण्याची गरज नाही. ते करारात लिहावं, आणि प्रत्येक विद्यापीठाने आपापला करार करावा.

एका गटाकडे मात्र या सगळ्या गदारोळात कुणाचं लक्ष नाही. परदेशातून आलेले खेळाडू विद्यार्थी व्हिसावर असतात आणि त्या व्हिसावर काम करायला कडक मर्यादा आहेत. एनसीएएने बंदी उठवली तरी व्हिसाची बंदी कायम. केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शीब्वे मूळचा काँगोचा. २०२२ मध्ये त्याला देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरवलं गेलं. संघातल्या अमेरिकन सोबत्यांना घराजवळच्या गाड्यांच्या दुकानात उभं राहून फोटो काढले तरी पैसे मिळत होते. शीब्वेला ते करता येत नव्हतं. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये संघ सरावाचे सामने खेळायला बहामा बेटांवर गेला. तिथे अमेरिकेचा व्हिसा आडवा येत नव्हता. सामन्यांच्या मधल्या वेळात त्याने तिथे आपले फोटो काढून घेतले, जाहिरातींची कामं उरकली, आणि संघाबरोबर परत येऊन पुन्हा सरावाला लागला.